विमानात बाळ मांडीवर, की कार सीटमध्ये?

(हा भाग लोकलमध्ये किंवा भांडी घासताना ऐकायचा असेल तर वरचं प्लेचं बटण आहेच. ज्यांच्या मांडीवर आत्ता बाळ झोपलंय आणि हेडफोन दुसऱ्या खोलीत राहिलेत, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' बरेचसे काढलेत. काही राहिलेत, त्यांना राहू द्या.)

आज प्रस्तावना नको, थेट व्हॉइस नोट. पिंपळे सौदागरहून एका ताईंनी पाठवलीय. नोट चार मिनिटांची आहे, मागे मिक्सर चालू आहे आणि मध्येच दोनदा 'अरे, ते तोंडात घालू नकोस!' असं येतं. म्हणून मी आपला सारांश सांगतो.

ताईंचा मुलगा एकोणीस महिन्यांचा आहे, वजन अकरा किलो. डिसेंबरात मुंबईहून नेवार्क, म्हणजे न्यू जर्सी. एडिसनला दिरांकडे तीन आठवडे. बरोबर नवरा आणि सासूबाई. बाळ दोन वर्षांच्या आतलं, त्यामुळे मांडीवर घेतलं तर त्याचं तिकीट साधारण बारा हजार. त्याला स्वतंत्र सीट घेतली तर नव्वद हजारांच्या आसपास. दीर म्हणतात, 'वहिनी, सीट घ्या आणि कार सीट लावा, इकडे सगळे तेच सांगतात.' सासूबाई म्हणतात, 'अगं, आम्ही मुलांना मांडीवर घेऊन रात्रभर एसटीनं कोकणात जायचो. अठ्ठ्याहत्तर हजार वाचतात ते बघ.' आणि ताई विचारतात, 'खरंच गरज असते का हो, की हे तिकडचं फॅड आहे? मला कुणीतरी खरं काय ते सांगा.'

उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण निम्मे लोक पाच मिनिटांनंतर दुसरं काहीतरी लावतात, मला आकडे दिसतात. तर, हो. विमानात बाळासाठी सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे त्याची स्वतःची सीट, आणि तिच्यावर नीट बांधलेली, विमानासाठी मान्य असलेली कार सीट. यात वाद नाही. पण ते परवडलं नाही म्हणून तुम्ही बाळाला मोठ्या धोक्यात नेताय, असंही अजिबात नाही. आणि या दोन वाक्यांच्या मध्ये एक गोष्ट आहे, जी दिरांनीही सांगितली नाही आणि सासूबाईंनीही नाही. ती विमानात नाहीच. ती पिंपळे सौदागर ते मुंबई विमानतळ या टॅक्सीत आहे. तिथे येतोच आपण.

मांडीवर म्हणजे नक्की कसं?

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसू शकतं, हे जवळपास सगळीकडे चालतं. फरक आहे तो त्याला बांधायचं कसं, यात. आपल्याकडे किंवा युरोपात तुम्ही बाळ घेऊन बसलात की क्रूमधलं कुणीतरी एक छोटा जादा पट्टा आणून देतं. त्याची कडी आपल्या बेल्टमध्ये ओवायची आणि तो पट्टा बाळाच्या पोटावर लावायचा. अमेरिकेत हा पट्टा टेकऑफ आणि लँडिंगला चालतच नाही. तिथे बाळ नुसतं हातात धरायचं.

ऐकायला उलटं वाटतं ना? सुरक्षेबद्दल एवढे काटेकोर लोक, आणि पट्टाच काढून टाकला? कारण असं आहे. विमान जोरात आदळलं की मोठं माणूस कमरेतून पुढे वाकतं, त्याच्या हातात नसतं ते. पट्टा बाळाला त्या माणसाच्या पोटाशी बांधून ठेवतो. म्हणजे पुढची सीट आणि आईबाबांचं साठ-सत्तर किलोचं अंग यांच्या मध्ये बाळ येतं. त्या क्षणी बाळ आपली उशी होतं. म्हणून त्यांनी तो नाकारला. युरोपवाल्यांचं म्हणणं वेगळं: आदळणं फार क्वचित, हवेतले धक्के नेहमीचे, आणि धक्क्यात निदान बाळ उडून तरी जात नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. त्यातून एवढंच कळतं की मांडीवर बाळ पूर्ण सुरक्षित ठेवायची पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही.

'मी घट्ट धरीन ना!'

हे प्रत्येक आईबाप म्हणतं. मीही म्हटलं होतं. माझी मुलगी चौदा महिन्यांची असताना आम्ही पुण्याहून दिल्लीला चाललो होतो. ती झोपली, पट्ट्याची कडी तिला टोचत होती, म्हणून मी पट्टा काढला. मीच काढला, क्रूनं लावून दिला होता. अर्ध्या तासानं विमान एकदम खाली गेल्यासारखं झालं. मोठं काही नव्हतं, चहा सांडण्याएवढं. पण ती माझ्या हातातून वर गेली आणि खाली येताना हँडरेस्टवर डोकं आपटलं. टेंगूळ आलं, रडली, दहा मिनिटांत पुन्हा झोपली. मी मात्र दिल्लीपर्यंत झोपलो नाही. मी तिला धरलं होतं हो! दोन्ही हातांनी धरलं होतं.

आता जरा गणित करू, सोपं आहे. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणारं एक विमान म्यानमारवर असताना जबरदस्त टर्ब्युलन्समध्ये सापडलं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, बरेच जण जखमी झाले, विमान बँकॉकला उतरवावं लागलं. विमानातल्या यंत्रानं नोंदवलेले आकडे सिंगापूरच्या तपास पथकानं नंतर जाहीर केले. विमानातलं 'वजन' ०.६ सेकंदात अधिक १.३५ जीवरून उणे १.५ जीवर गेलं. एक जी म्हणजे आत्ता तुम्ही बसलाय तसं, नेहमीचं वजन. उणे म्हणजे खालच्या ऐवजी वरच्या दिशेनं ओढ. ताईंचं बाळ अकरा किलोचं. उणे दीड जी म्हणजे ते साडेसोळा किलोच्या जोरानं छताकडे जाऊ बघणार. आणि त्यासाठी तुम्हाला तयारीला वेळ किती? ०.६ सेकंद. 'टर्ब्युलन्स' हा शब्द म्हणायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो. त्यात तुम्ही झोपलेले असू शकता, हात सैल पडलेले असू शकतात.

आणि आदळण्याचं गणित तर सोडाच. हल्लीच्या विमानांच्या सीटा समोरून सोळा जीचा धक्का सहन करतील अशा बनवतात. अकरा किलोला सोळानं गुणा. १७६ किलो. सिमेंटची साडेतीन पोती. कुठला बाप धरणार?

असे धक्के परदेशातच बसतात असंही नाही. मे २०२२ मध्ये मुंबईहून दुर्गापूरला जाणाऱ्या विमानाला उतरताना असाच धक्का बसला होता, डझनाहून जास्त माणसं जखमी झाली.

सू सिटी, १९ जुलै १९८९

या विषयावर अमेरिकेत बोलणं सुरू झालं की ते एका विमानापाशी येतंच. युनायटेडची २३२ नंबरची फ्लाइट, डेन्व्हरहून शिकागोला निघालेली, डीसी-१० जातीचं तीन इंजिनांचं विमान. हवेत असताना शेपटीकडच्या इंजिनाचा पंखा फुटला आणि त्याच्या तुकड्यांनी विमानाच्या सगळ्या हायड्रॉलिक लाइन्स तोडल्या. म्हणजे स्टिअरिंग गेलं, असं समजा. कॅप्टन आल हेन्स आणि त्यांच्या साथीदारांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत ते विमान आयोवा राज्यातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. उतरताना ते मोडलं, पेटलं. २९६ जण होते, ११२ गेले. ज्या अवस्थेत ते विमान होतं ते बघता १८४ वाचले हेच नवल मानतात.

आपला विषय आहे केबिनमधला. जॅन ब्राऊन त्या फ्लाइटच्या मुख्य फ्लाइट अटेंडंट होत्या. मांडीवरची चार मुलं विमानात होती. तेव्हाची पद्धत अशी होती की अपघाताची शक्यता दिसली तर मांडीवरची मुलं आईबाबांच्या पायाशी जमिनीवर, ब्लँकेट-उशा लावून ठेवायची. ब्राऊननी ठरल्याप्रमाणे तसं सांगितलं. जरा विचार करा. विमानातली खुर्ची, कॉफीचं भांडं, बॅगा, सगळं बांधून ठेवायचा नियम. आणि दोन वर्षांखालचं मूल जमिनीवर ठेवायचं.

चारातलं एक मूल वाचलं नाही. अपघातानंतर त्याची आई मुलाला शोधायला परत विमानाकडे निघाली होती, तिला ब्राऊननीच अडवलं. पुढे त्या बाईंनी वर्षानुवर्षं एकच मागणी लावून धरली: विमानात प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि स्वतःचा बेल्ट. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेनंही अपघातानंतर तशी शिफारस केली. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००१ मध्ये तीच भूमिका घेतली.

जानेवारी २०२४ मधलं ते अलास्का एअरलाइन्सचं विमान आठवतंय? भिंतीतला दरवाजाएवढा तुकडा हवेत निघून गेला होता, व्हिडिओ सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरला. त्या विमानात तीन बाळं मांडीवर होती. भोकाशेजारच्या दोन सीटा नेमक्या रिकाम्या होत्या, बस, नशीब. त्यानंतरही एनटीएसबीनं आईबाबांना पुन्हा तेच सांगितलं.

मग कायदा का नाही केला?

आता मला या विषयात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा भाग. एवढं सगळं होऊनही अमेरिकेच्या विमान खात्यानं, म्हणजे एफएएनं, स्वतंत्र सीट सक्तीची केली नाही. २००५ मध्ये त्यांनी तसं अधिकृतपणे सांगूनच टाकलं. आणि त्याचं कारण 'विमान कंपन्यांचा दबाव' वगैरे वाटेल तुम्हाला, पण कारण वेगळं होतं.

त्याच्या आधी, २००३ मध्ये, तीन डॉक्टरांनी एक हिशोब मांडला होता. समजा, सक्ती केली. सगळी बाळं आपापल्या सीटवर. अमेरिकेत वर्षाला किती जीव वाचतील? उत्तर आलं ०.४. म्हणजे दहा वर्षांत चार. इतकं कमी, कारण मुळात विमानं पडतच नाहीत फारशी, आणि पडली तर प्रत्येक वेळी कार सीटनं फरक पडेलच असं नाही. पण सक्ती केली की तिकिटाचा खर्च वाढणार. मग काही कुटुंबं म्हणणार, 'जाऊ दे, गाडीनंच जाऊ.' आणि रस्ता विमानापेक्षा कितीतरी धोक्याचा. त्यांच्या हिशोबानं अशी पाच ते दहा टक्के कुटुंबं जरी रस्त्याकडे वळली, तरी वाचलेल्यांपेक्षा जास्त मुलं रस्त्यावर जातील.

म्हणून एफएएची भूमिका आजही अशी दुहेरी आहे. 'बाळाला मांडीवर घेऊ नका, मान्य कार सीटमध्ये बसवा, आम्ही आग्रहानं सांगतो. पण सक्ती करणार नाही.' जॅन ब्राऊनना हे कधी पटलं नाही. आणि खरं सांगू? दोन्ही बाजू वाचल्या की दोन्ही पटतात. सरकारला लाखो कुटुंबांचा हिशोब करायचा असतो. ताईंना एका बाळाचा करायचा आहे, आणि ताई काही नेवार्कला गाडीनं जाणार नाहीयेत.

पण त्या हिशोबातली रस्त्याची गोष्ट आपल्याकडे जास्त लागू होते. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारी आकडा. आणि आपण काय करतो? पुण्याहून रात्री अकराला टॅक्सी बोलावतो. बाबा पुढे बसतात, कधी बाळ त्यांच्याच मांडीवर, कारण 'त्याला समोरचे दिवे बघायला आवडतं.' आई मागे बेल्टशिवाय, कारण बेल्टची कडी सीटकव्हरच्या खाली गेलीय. ड्रायव्हरदादा सलग दुसऱ्या ट्रिपला. एक्सप्रेस वे, घाट, ट्रक. तीन-चार तास. आणि विमानतळावर पोहोचल्यावर आपण विचारतो, 'विमानात बाळ सुरक्षित राहील ना?'

अहो, सगळ्यात धोक्याचा टप्पा तर आत्ताच संपला!

मोटार वाहन कायद्यात २०१९ ची दुरुस्ती झाली, त्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांसाठीची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. पावती फाटलेली मी एकदाही पाहिली नाही, ते सोडा. सांगायचं एवढंच की घरात गाडी असेल आणि कार सीट नसेल, तर पहिली कार सीट गाडीसाठी घ्या. विमानाचं नंतर बघू. आणि पुणे-नागपूर असं जायचंय, आणि बाळाला वेगळी सीट परवडत नाही म्हणून कुणी म्हणत असेल की 'त्यापेक्षा समृद्धीनं जाऊ', तर नको. बाळ मांडीवर घ्या आणि विमानानं जा.

ठीक आहे, सीट घेतली. आता?

इथे लोक फसतात, म्हणून जरा सावकाश.

प्रत्येक कार सीट विमानात चालत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सीटच्या बाजूला किंवा खाली एक लेबल असतं, त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही सीट मोटारीत आणि विमानातही वापरायला प्रमाणित आहे. हे लेबल असेल आणि मुलाचं तिकीट असेल, तर अमेरिकन विमान कंपनी नाही म्हणू शकत नाही, तसा नियमच आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या सीटांवर बहुधा युरोपियन प्रमाणाचं लेबल असतं. ती चालेल की नाही हे कंपनीवर अवलंबून. म्हणून मॉडेलचं नाव आणि लेबलचा फोटो पाठवून ईमेलवर लेखी उत्तर घ्या आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. फोनवर 'हो सर, चालेल सर' म्हणणारा मुलगा बोर्डिंगच्या दारात तुमच्याबरोबर उभा नसतो.

विमानात आयसोफिक्सचे हुक नसतात. सीट नुसत्या कमरेच्या बेल्टनं बांधता आली पाहिजे. काही सीटांना खांद्यावरून येणारा बेल्ट लागतोच, त्या बाद. मोठ्या मुलांचे बूस्टर, तेही टेकऑफ-लँडिंगला बाद. रुंदी मोजा, सोळा इंचांपर्यंत असेल तर बहुतेक इकॉनॉमी सीटमध्ये बसते. जागा खिडकीची घ्या, म्हणजे कुणाची बाहेर पडायची वाट अडत नाही. आयल सीटवर किंवा इमर्जन्सी दाराच्या रांगेत लावू देत नाहीत. उलट्या तोंडाची सीट असेल तर पुढच्या माणसाला खुर्ची मागे करता येत नाही आणि तो रागानं मागे बघतो. त्याला बसल्या बसल्याच 'सॉरी' म्हणून ठेवा, पंधरा तासांची सोबत आहे.

आणि ती सीट उचलून न्यायची कशी, हे कुणीच आधी सांगत नाही. मुंबईच्या टी-टू वर चेक-इनपासून गेटपर्यंत चालताना एका हातात बाळ, पाठीवर डायपरची बॅग आणि दुसऱ्या हातात सात-आठ किलोचा तो सांगाडा. मी एकाला ट्रॉली बॅगेला ओढणीनं कार सीट बांधून ओढत नेताना पाहिलंय. हसू नका, झकास आयडिया होती.

चेक-इन सामानात टाकली तर? ओझं कमी होतं, पण ती सामानाच्या पट्ट्यावरून कशी आपटत जाते ते तुम्हाला दिसत नाही. प्लास्टिकला आतून तडा गेला तर बाहेरून कळतही नाही. टाकायचीच असेल तर मूळ खोक्यात, चांगली गुंडाळून.

दुसरा मार्ग आहे, केअर्स नावाचा हार्नेस. नुसते पट्टे असतात, अर्ध्या किलोच्या आत, हातातल्या पिशवीत मावतात. विमानाच्या सीटच्या पाठीला एक पट्टा गुंडाळायचा आणि खांद्यावरून दोन पट्टे आणून कमरेच्या बेल्टमध्ये ओवायचे. साधारण दहा ते वीस किलो वजन आणि एक मीटरपर्यंत उंचीच्या मुलांसाठी. एफएएनं मान्य केलेलाय, फक्त विमानासाठी, गाडीत चालत नाही. एकोणीस महिन्यांच्या बाळाला उलट्या तोंडाच्या कार सीटइतकं संरक्षण त्यातून मिळत नाही, हे खरं. पण मांडीपेक्षा नक्कीच बरं. हाही चालतो का, ते कंपनीला लेखी विचारायचं.

बॅसिनेटचं म्हणाल तर तो पाळणा झोपण्यापुरता. टेकऑफ, लँडिंग आणि टर्ब्युलन्सला बाळ बाहेर काढावं लागतं, आणि ताईंचं बाळ आता त्यात मावणारही नाही.

मांडीवरच घेणार असाल तर

निम्म्याहून जास्त लोक हेच करणार, मला माहितीय. काही बिघडलं नाही, फक्त नीट करा. स्वतःचा बेल्ट आधी, आणि बाळ त्या बेल्टच्या बाहेर. दोघांना मिळून एकच बेल्ट कधीही लावू नका. जादा पट्टा मिळाला तर तो बाळ झोपलं तरी काढू नका, माझं ऐका. कडी टोचत असेल तर खाली दुपटं घाला. पोटाशी बांधायचा कॅरिअर मधल्या प्रवासात छान, हातही मोकळे राहतात, पण टेकऑफ-लँडिंगला बहुतेक ठिकाणी काढायला सांगतात. बाळाला घेऊन आयल सीटवर बसू नका. गरम चहा तिकडूनच जातो, वरच्या कप्प्यातली बॅग तिकडेच पडते आणि ट्रॉलीची कोपरखळी बाळाच्या पायालाच बसते.

अजून एक. चेक-इनला आणि पुन्हा गेटवर हसून विचारा, 'शेजारची सीट रिकामी राहतेय का हो?' रिकामी असेल आणि मान्य कार सीट हातात असेल तर बऱ्याचदा फुकटात बसवू देतात. डिसेंबरात शक्यता कमी, फेब्रुवारीत बरी.

आणि ज्यांचं बाळ बावीस-तेवीस महिन्यांचं आहे त्यांनी परतीची तारीख बघा. तिकडे असताना दुसरा वाढदिवस झाला तर परतीला सीट घ्यावीच लागते.

तर ताई

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर. फॅड नाही. तुमची फ्लाइट पंधरा-सोळा तासांची आहे. त्यात दोन रात्री मोडल्यासारख्या होतात आणि तुम्ही तिघंही कधी ना कधी झोपणार. हात तेव्हाच सुटतात. माझ्याकडे पैसे असते तर मी सीट घेतली असती. आणि तुमच्या बाबतीत कार सीट इथून नेण्यापेक्षा केअर्स हार्नेस सोपा पडेल असं मला वाटतं, कारण इथे घेतलेली युरोपियन प्रमाणाची सीट विमानात चालली तरी अमेरिकेतल्या गाडीसाठी ती प्रमाणित नसते. तिकडे तिकडचीच लागते. म्हणजे नेवार्कला उतरल्यावर परत प्रश्न तोच.

आणि तो प्रश्न दिरांना आजच कळवा. न्यू जर्सीत दोन वर्षांखालचं आणि तीस पौंडांखालचं मूल गाडीत मागच्या तोंडाच्या सीटमध्येच बसवावं लागतं, कायदा आहे. तुमचं बाळ दोन्हीत बसतं. तेव्हा विमानतळावर घ्यायला येतानाच त्यांच्या गाडीत तशी सीट लावलेली हवी. नवीन नसेल तर कुणा ओळखीच्यांची चालेल, पण तिची मुदत संपलेली नको आणि ती कधी अपघातातून गेलेली नको. फुले-बिले आणू नका म्हणावं, ही आणा.

अठ्ठ्याहत्तर हजार जमत नसतील तर बाळ मांडीवर घ्या, पट्टा लावून, आणि निवांत जा. मात्र त्यातले सात-आठ हजार बाजूला काढा आणि पुणे-मुंबई टॅक्सीसाठी इथे एक साधी कार सीट घ्या. टॅक्सी बुक करताना मागचे सगळे बेल्ट चालू आहेत का ते विचारा. आणि आदल्या दिवशी सीट एकदा बांधून बघा, रात्री अकराला पार्किंगमध्ये पहिल्यांदा नको. सासूबाईंना मधल्या सीटवर बेल्ट लावून बसवा. एसटीचे किस्से घाट लागला की सुरू करू देत.